कलिंगडाची टोपी आणि तेरावा माणूस

आमचा कॅनडातला सस्कॅचवान प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण माणसं जेमतेम बारा लाख. बाकी सगळी शेतं: गहू, कॅनोला आणि मसूर. तुमच्या घरातली मसूरही इथून आलेली असू शकते. अशा विखुरलेल्या प्रांतात सगळे एका विषयावर बोलताना ऐकायचे असतील तर सस्कॅचवान रफरायडर्सचं नाव काढायचं. हा प्रांताची राजधानी रेजिनाचा फुटबॉल संघ. १९१० मध्ये सुरू झालेला, कुणा शेठजीच्या मालकीचा नसलेला. लोकांकडे त्याचे शेअर आहेत, पण त्यावर लाभांश म्हणून एक पैसाही मिळत नाही. तरी लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात!

फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी आठवला असेल तर त्याला बाजूला ठेवा. हा हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा खेळ, तोही कॅनडाच्या पद्धतीचा. अमेरिकेत दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, इथे तीनच. त्यामुळे इंचाइंचाने रेटत जाणं परवडत नाही. दोन प्रयत्न फसले की तिसऱ्याला बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून समोरच्याच्या हवाली करावा लागतो. मैदान ११० यार्ड लांब, ६५ यार्ड रुंद, प्रत्येक बाजूला १२ खेळाडू. शिवाय ‘रूज’ नावाची एक गंमत: लाथाडलेला चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात गेला आणि समोरच्यांना तो बाहेर आणता आला नाही, तर एक गुण. कबड्डीतल्या बोनससारखा चोरटा गुण. बाहेरचे लोक याला हसतात. मला तर हाच नियम सगळ्यात आवडतो.

बारा खेळाडू, म्हणून इथले प्रेक्षक स्वतःला अभिमानाने ‘तेरावा माणूस’ म्हणवून घेत. मग २००९ साल आलं. कॅल्गरीत ग्रे कपची, म्हणजे कॅनडाच्या लीगच्या विजेतेपदाची अंतिम लढत, रायडर्स २७-२५ ने पुढे, घड्याळ संपलेलं. माँट्रियलच्या डेमन डुव्हालची शेवटची किक हुकली आणि हिरव्या कपड्यांतले रायडर्सचे चाहते नाचायला लागले. तेवढ्यात पंचांनी नियमभंगासाठी टाकलेला रुमाल दिसला. रायडर्सचे मैदानावर तेरा खेळाडू होते! किक दहा यार्ड जवळून पुन्हा घेतली गेली, ती बसली, २८-२७. खरोखरच्या तेराव्या माणसाने कप घालवला. मी तेव्हा या देशात नव्हते, पण ही गोष्ट मला इतक्या जणांनी इतक्या तपशिलाने सांगितली आहे की मीच ती बघितली असं वाटतं. घरच्या मैदानावर २०१३ मध्ये कप जिंकूनही ती जखम भरलेली नाही.

२०२५ च्या हंगामाकडे लोक बघत होते ते असे, जरा साशंक. प्रशिक्षक कोरी मेस यांचं दुसरंच वर्ष, क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, ट्रेव्हर हॅरिस ३९ वर्षांचा. ऑफिसात एक काका (इथे काका कुणी म्हणत नाही, मी मनातल्या मनात म्हणते) रोज हॅरिसच्या गुडघ्यांची चौकशी घरच्या माणसासारखी करायचे. संघ मात्र जिंकत राहिला आणि १८ सामन्यांनंतर पश्चिम विभागात पहिला आला.

मध्येच सप्टेंबरात लीगने जाहीर केलं की २०२७ पासून मैदान १०० यार्डांचं होणार, गोलचे खांब मागे सरकणार, आणि रूजला तर २०२६ पासूनच कात्री. तीन संधी राहतील, असं आश्वासन सोबत. तरी इथे लोक भडकले. ब्रिटिश कोलंबिया लायन्सचा क्वार्टरबॅक नेथन रूर्क जाहीरपणे विरोधात बोलला, तेव्हा रेजिनातल्या माणसांनी परक्या संघाच्या खेळाडूला डोक्यावर घेतलं. माझंही मत तेच. टीव्हीसाठी खेळ सोपा करायला गेलात तर आमच्याकडे आपलं असं काय उरेल?

नोव्हेंबरात पश्चिमेचा अंतिम सामना रेजिनातच, आणि समोर नेमका तोच रूर्क. थंडी अशी की कलिंगड पोखरून डोक्यावर घालणाऱ्यांचं काय होत असेल कोण जाणे. हो, हिरवा रंग म्हणून इथे खरोखर कलिंगडाचं हेल्मेट करून घालतात, रस मानेवरून ओघळत असतो. शेवटच्या काही सेकंदांत हॅरिसचा पास टॉमी नील्डने टचडाउनसाठी, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्यासाठी, झेलला आणि २४-२१. नील्ड कॅनडाचाच. ठरावीक संख्येने देशी खेळाडू खेळवायलाच हवेत, हा इथला नियम मला म्हणूनच पटतो.

१६ नोव्हेंबरला ग्रे कप विनिपेगमध्ये, म्हणजे सख्ख्या वैऱ्याच्या अंगणात. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास या दोन शहरांची लागोपाठ दोनदा जुंपते, आणि त्या दिवसांत विनिपेगच्या जावयाला रेजिनातल्या सासरी नीट जेवायलाही मिळत नसेल. त्या मैदानावर हिरवी गर्दी. माँट्रियलला २५-१७ ने हरवलं. तेच माँट्रियल, २००९ वालं! १९६६, १९८९, २००७, २०१३ आणि आता २०२५: एकशे पंधरा वर्षांत पाचवा कप. त्या रात्री रेजिनातल्या अल्बर्ट स्ट्रीटवर हॉर्नचा असा गोंगाट की आमच्या गल्लीतल्या विसर्जनाची आठवण यावी.

नवा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. इथे संध्याकाळी सातचा सामना म्हणजे तुमच्याकडे सकाळचे साडेसहा, चहाची वेळ. लावून बघा, आणि कुणी तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या संधीला, चेंडू न लाथाडता धोका पत्करला तर मला लगेच मेसेज करा.