पळालेली वेलांटी

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसवर द्राक्षाचा क्रेट टेम्पोतून उतरला की त्याला चिठ्ठी लागते. शेतकऱ्याचं नाव, गाव, प्लॉटचा नोंदणी क्रमांक, तोडणीची वेळ, खाली बारकोड. ती छापणारं सॉफ्टवेअर आम्ही नाशिकला बसून सांभाळतो. चिठ्ठी किरकोळ दिसते, पण युरोपला जाणाऱ्या मालाची भिस्त तिच्यावर असते. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत नोंद प्लॉटची होते, फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची, म्हणजे रेसिड्यूची, तपासणीही प्लॉटवार. बिनचिठ्ठीचे दोन शेतकऱ्यांचे क्रेट एकमेकांत मिसळले तर चांगला मालही निर्यातीतून बाद.

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, ही छपाई सव्वा तास बिघडली. बिघडली ती माझ्या कामामुळे, आणि ते काम करायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं. या दोन गोष्टींची सांगड अजून लागत नाही.

प्रकल्प माझ्याकडे आला तेव्हा त्यात एकच रिक्वायरमेंट्स फाइल होती, म्हणजे आमच्या पायथन ॲपला लागणाऱ्या तयार पॅकेजेसची यादी, १४३ ओळींची. कुणीतरी आपल्या लॅपटॉपवर ‘पिप फ्रीझ’ ही इन्स्टॉल असलेल्या पॅकेजेसची यादी काढणारी कमांड चालवून सगळा ढीग तिच्यात ओतला होता. पिप फ्रीझला आपलं-परकं कळत नाही. तुम्ही मुद्दाम घेतलेलं पॅकेज, त्याच्या मागून आलेलं, एकदा वापरून सोडून दिलेलं, सगळ्यांना एकच रांग. ॲप ज्यावर उभं आहे त्या जँगोच्या शेजारी पायटेस्ट, डिबग टूलबार, आयपायथन ही फक्त कोड लिहिणाऱ्याच्या कामाची हत्यारं. हे सगळं पॅकहाऊसच्या सर्व्हरवर जात होतं. तिथल्या नेटवर एक अपडेट चढायला चाळीस मिनिटं लागायची. जावास्क्रिप्टच्या नोडवाल्यांकडे ‘डेव्हडिपेंडन्सीज’चा, म्हणजे फक्त कोड लिहिताना लागणाऱ्या पॅकेजेसचा, वेगळा कप्पा कित्येक वर्षांपासून आहे, पायथनमध्ये असे गट लिहायची प्रमाणित रीत पेप ७३५ या प्रस्तावाने २०२४ मध्ये ठरली. तोवर ज्याचा त्याचा रिवाज.

मी पिप-टूल्स हे याद्या सांभाळायचं साधन घेतलं आणि दोन याद्या केल्या. ‘बेस’मध्ये चालत्या ॲपला लागणारी, आपण स्वतः नावानिशी मागितलेली १९ पॅकेजेस. ‘डेव्ह’मध्ये टेस्टची आणि कोड तपासायची हत्यारं. डेव्हच्या यादीला बेसच्या आवृत्त्यांचं बंधन घातलं, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर जँगो एक आणि सर्व्हरवर दुसरं असं होणार नाही. यावरून त्यातलं पिप-कंपाइल पूर्ण यादी तयार करतं, प्रत्येक आवृत्ती पक्की करतं आणि ते पॅकेज कुणामुळे आलं तेही लिहितं: ‘व्हाया अमुक’. एसटीच्या पाटीवर ‘मार्गे ओझर’ असतं तसं. मला ही सोय फार आवडते. चार संध्याकाळी बसून मी त्या १४३ ओळींचं कूळ लावलं, आणि ते काम करताना खूप समाधान वाटत होतं.

त्यात मॅटप्लॉटलिब निघालं. एका जुन्या सहकाऱ्याने आवकेचा अंदाज आलेखात पाहायला ते घेतलं होतं. ॲपमध्ये त्याचा कुठेच वापर नव्हता. टाकलं डेव्हमध्ये. त्याच्याबरोबर नमपाय, फॉन्टटूल्स, किवीसॉल्व्हर असा लवाजमा गेला. चित्रं बनवणारं पिलोही गेलं. त्याच्याखाली स्वच्छ लिहिलं होतं, व्हाया मॅटप्लॉटलिब. तरी खात्री करावी म्हणून अख्ख्या कोडमध्ये ‘पिलो’ शोधलं. एकदाही सापडलं नाही.

सापडणारच नव्हतं. पिलो ही पीआयएल या जुन्या लायब्ररीची २०१० मध्ये निघालेली शाखा. इन्स्टॉल करताना नाव पिलो, पण जुना कोड चालत राहावा म्हणून कोडमध्ये हाक मारायची ती अजूनही पीआयएल अशीच. हे मला चांगलं माहीत आहे. त्या रात्री आठवलं नाही.

चिठ्ठीचं चित्र पीआयएलनेच बनत होतं. ज्याने तो भाग लिहिला त्याच्या लॅपटॉपवर आलेखाच्या निमित्ताने पिलो आधीच आलेलं होतं, त्यामुळे यादीत वेगळं नोंदवायची वेळच त्याच्यावर आली नाही. शिवाय पीआयएलला हाक मारणारी ओळ, तो इम्पोर्ट, फाइलच्या सुरुवातीला नव्हता, छापणाऱ्या फंक्शनच्या पोटात होता. म्हणजे पहिली चिठ्ठी मागेपर्यंत कुणालाच काही कळणार नाही. टेस्ट? सगळ्या हिरव्या. टेस्ट चालतात डेव्हच्या वातावरणात. तिथे मॅटप्लॉटलिब आहे, म्हणून पिलो आहे.

रात्री अकराला नवी मांडणी चढवली. त्याच वेळी जुन्या डेस्कटॉप उबुंटूवरून पायथनच्या स्लिम डॉकर इमेजवर, म्हणजे मोजकंच सामान असलेल्या तयार वातावरणावर, आलो. लॉगिन झालं, आवकेचं पान उघडलं, मी झोपले.

सकाळी पावणेनऊला पॅकहाऊसच्या मॅनेजरांचा फोन. “मॅडम, चिठ्ठी येईना. तीन टेम्पो उभे आहेत.” लॉगमध्ये एकच ओळ: पीआयएल नावाचं मॉड्यूल नाही. वाचताक्षणी सगळं उमगलं. बेसमध्ये पिलोची ओळ घातली, इमेज पुन्हा बांधली, सव्वानऊच्या पुढे छपाई सुरू झाली.

पाचच मिनिटांत आवकेवरच्या मावशींचा फोन आला. “ताई, चिठ्ठी आली, पण वेलांटी पुढच्या अक्षरावर गेलीय. बायांना गाव वाचता येईना.” त्यांनी फोटो पाठवला. ‘पिंपळगाव’मधली वेलांटी पहिल्या प ला सोडून दुसऱ्या प वर जाऊन बसली होती. निफाडची फ वर, दिंडोरीची ड वर. नावांतली जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडलेली.

देवनागरी नीट मांडायला पिलोला राक्म नावाची लायब्ररी लागते. पिलोच्या तयार पॅकेजात ती येते, पण तिला लागणारी फ्रिबिडी ही दुसरी लायब्ररी यंत्रावर आधीपासून असावी लागते. डेस्कटॉप उबुंटूवर ती होती; स्लिम इमेजमध्ये नव्हती. आणि नसली तर पिलो अडत नाही, एरर देत नाही. मुकाट्याने साध्या मांडणीवर उतरतं आणि अक्षरं आली तशी एकापुढे एक ठेवतं. पायथनच्या कुठल्याही यादीत फ्रिबिडीचं नाव कधीच नव्हतं, येऊही शकत नव्हतं. इमेज कशी बांधायची ते लिहिलेल्या डॉकरफाइलमध्ये फ्रिबिडीची एक ओळ घातली. दहा वाजता चिठ्ठी नीट आली.

मॅनेजर म्हणाले, “चालतं सॉफ्टवेअर हंगामात बदललंच कशाला?” त्यांचं चुकत नाही. पण मागचा हंगाम संपल्यावर याच कामासाठी मी वेळ मागितला होता, तेव्हा ग्राहकाकडून पैसे येत नसतात म्हणून आमच्याकडूनच नाही म्हटलं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तर जुनी १४३ ओळींची फाइलच परत आणायचा प्रस्ताव आला. मला मनापासून राग आला. त्या फाइलने पिलोची गरज भागवली नव्हती, झाकली होती. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्यावर खापर फोडणंही सोयीचं होतं, ते झालंच.

आता सर्व्हरवर जाणारी इमेज आधी डेव्हशिवाय उभी राहते, राक्म आहे का ते पिलोलाच विचारते आणि एक खरी चिठ्ठी बनवते. तिच्यावर चारच शब्द असतात: नाशिक, निफाड, दिंडोरी, पिंपळगाव. चौघांनाही पहिली वेलांटी आहे.

त्या दिवशी दुपारी मी पॅकहाऊसवर गेले. सव्वा तासात एकही क्रेट मिसळला नव्हता, कारण मावशींनी स्केचपेनने चिठ्ठ्या हाताने लिहिल्या होत्या, दोनशेच्या वर. त्या समोर घेऊन मी एकेक सिस्टिमला चढवत बसले. एका चिठ्ठीवरचा आकडा १ की ७ कळेना. मावशींना विचारलं तर त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. “सात. विहिरीकडचा प्लॉट. सकाळी पहिला टेम्पो त्यांचाच होता.”