हात बसायचा तो कुणावर?

यंदाचा हिवाळा आमच्या पीआयसीयूला बराच हलका गेला आणि मी त्यावरून कुरकुरत होते. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या बाईने मुलं कमी आजारी पडतात म्हणून तोंड वाकडं करावं! आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, जिभेला काही हाड?" तिचं बरोबर आहे. पण माझ्याकडे दर महिन्याला नवे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, येतात. मूल डोळ्यांसमोर ढासळायला लागलं तर हात कसे चालवायचे, हे त्यांना शिकवणं हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग आहे. ढासळणारं मूलच नसेल तर ते शिकवायचं कसं?

इथे अमेरिकेत, ओहायोत, डिसेंबर ते फेब्रुवारी हा आरएसव्हीचा, म्हणजे तान्ह्या बाळांची छाती भरवणाऱ्या एका विषाणूचा मोसम. तान्ही बाळं छाती आत ओढत, नाकपुड्या फुलवत येतात आणि वॉर्ड भरून जातो. पूर्वी त्यातल्या बऱ्याच बाळांना श्वासनलिकेत ट्यूब टाकायला लागायची. आता ट्यूबशिवाय, नाकातून किंवा मास्कने श्वासाला आधार देतात: आधी हाय-फ्लो, मग सीपॅप, मग बायपॅप. बहुतेक बाळं तिथूनच परत फिरतात. शिवाय २०२३ मध्ये निर्सेव्हिमॅबला परवानगी मिळाली. बाळाला एक इंजेक्शन दिलं की आरएसव्हीचा पहिला हिवाळा पुष्कळसा निभावतो. त्याच्या कितीतरी आधी हिब आणि न्यूमोकोकसच्या लसींनी एपिग्लॉटायटिस (घशातल्या झडपेची जीवघेणी सूज) आणि मेंदूज्वराचे पेशंट दुर्मीळ करून टाकले होते. मिकोनियममध्ये, म्हणजे पोटातच केलेल्या पहिल्या शीत, माखून निपचित जन्मलेल्या बाळाला सरसकट ट्यूब टाकून ती घाण ओढून काढायची पद्धतही २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंद केली. शिकाऊ डॉक्टरचा हात जिथे जिथे बसायचा, त्या जागा अशा एकेक करून गेल्या. सगळ्या चांगल्या कारणांसाठी गेल्या, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार?

उरलेल्या संधींसाठी रांग आहे. पहिला मान फेलोचा, म्हणजे रेसिडेन्सीनंतर याच विषयात पुढे शिकणाऱ्याचा, कारण तीन वर्षांनी तो स्वतः इंटेन्सिव्हिस्ट, अतिदक्षतेचा तज्ज्ञ, म्हणून उभा राहणार. मग नर्स प्रॅक्टिशनर, काही ठिकाणी रेस्पिरेटरी थेरपिस्ट. रेसिडेंट शेवटी. इथल्या १५ पीआयसीयूंची आकडेवारी २०१३ मध्ये छापून आली होती. पहिल्याच प्रयत्नात ट्यूब बरोबर बसण्याचं प्रमाण रेसिडेंटांचं ३७ टक्के, फेलोंचं ७०. हे वाचल्यावर कुठला अटेंडिंग (पेशंटची जबाबदारी असलेला वरिष्ठ डॉक्टर) आपल्या पेशंटच्या डोक्याशी रेसिडेंटला उभं करेल? त्यात १ जुलै २०२५ पासून बालरोग रेसिडेन्सीचे नवे नियम आले. ओपीडीचा वाटा वाढला, अतिदक्षतेचा घटला. बहुतेक बालरोगतज्ज्ञ पुढे क्लिनिकच चालवतात, हे कारण आहेच. पण क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये मूल निळं पडू शकतं, हे समितीतल्या लोकांना ठाऊक नसेल असं नाही.

तर अशा हिवाळ्यात एक संधी आली. सव्वा वर्षाचं मूल, न्यूमोनिया, बायपॅपवर दमत चाललेलं. घाई नव्हती, पण थांबण्यातही अर्थ नव्हता. माझी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट वाचून आलेली, शांत, हात न थरथरणारी. मी तिला म्हटलं, आज तू. चेकलिस्ट मोठ्याने वाचून झाली, भुलीचं केटामीन आणि स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम भरून ठेवलं, सक्शन चालू. आई पलंगाशेजारीच होती. इथे आईबापांना बाहेर काढत नाहीत, ज्यांना थांबायचं ते थांबतात. तिने रेसिडेंटकडे बघून विचारलं, "तू हे याआधी किती वेळा केलंयस?"

पोरीने खरं सांगितलं. "खऱ्या मुलांवर दोनदा. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, पुष्कळदा."

"मग नको," आई म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण नको."

रेसिडेंट बाजूला झाली, फेलो पुढे आला आणि ती त्याच्या हातात ट्यूब द्यायला उभी राहिली. नर्सने चेकलिस्ट पुन्हा वरून वाचली. कुणी भुवई उडवली नाही, कुणी आईची समजूत घालायला गेलं नाही. ट्यूब पहिल्या प्रयत्नात बसली. मला मात्र राग आला होता. आईचा नाही; म्हणजे थोडा आईचाही. तुझं मूल उद्या शाळेत जाईल तेव्हा त्याच्या गावातला डॉक्टर कुणाच्या मुलावर शिकलेला असेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. असलं काही बोलायची इथे सोय नाही, आणि नाही ते बरंच आहे.

संध्याकाळी कॉफी घेताना पोरीने विचारलं, "तुम्ही कशा शिकलात?" मी म्हटलं, आमचं हाय-व्हॉल्यूम सेंटर होतं. ऐकायला भारदस्त वाटतं. सरकारी मेडिकल कॉलेजातला बालरोग वॉर्ड, एका पलंगावर दोन-दोन मुलं, पावसाळ्यात डेंग्यू, खाली सतरंजीवर नातेवाईक, हे सगळं त्या दोन शब्दांत बसतं. पहिल्या वर्षाला असताना रात्री कॅज्युअल्टीतून मूल वर यायचं आणि सिस्टर माझ्याच हातात लॅरिंगोस्कोप (जीभ उचलून घसा दाखवणारं पात्याचं हत्यार) द्यायच्या, कारण आसपास दुसरं कुणी नसायचं. सिनियर दुसऱ्या पलंगावर तेच करत असायचा. तिथूनच ओरडायचा, "टाक, टाक, बघतोस काय, टाक!" मुलगी असले तरी घाईत तो मला "बघतोस" म्हणायचा. व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर ट्यूब टाकून अँबू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, बापाच्या हातात द्यायचा आणि एक-दोन-तीन मोजून कसा दाबायचा ते दाखवायचं. रात्रभर बाप नाहीतर मामा अँबू दाबत बसायचे. सहीच्या जागी अंगठा असायचा. "याआधी किती वेळा केलंय?" हे मला कुणीही विचारलं नाही. लांबून जीपने आलेली माणसं. "आता तुमीच बगा डाक्टर," एवढंच म्हणायची, आणि आपणच अवघडल्यासारखी भिंतीला लागून उभी राहायची.

आज माझ्या हाताला जी सफाई आहे, ती त्या मुलांवर आलेली आहे. यावर माझं उत्तर तयार असतं. त्या रात्री माझ्याऐवजी जास्त अनुभवी डॉक्टर नव्हताच. एक मी होते, नाहीतर कुणीच नाही. हे खरं आहे. मी ते स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. विचारलं असतं तरी त्या आईला नाही म्हणायची मुभा होती का, हा प्रश्न या उत्तरात कुठेच येत नाही, हेही माझ्या लक्षात येतं.

बरं, तिथे नुसता हातच बसला असंही नाही. परवा शॉकवर (शरीराचा रक्तपुरवठा कोसळतो तो) शिकवताना मी लाल विंचवाची केस सांगितली. कोकणातलं मूल, घामाने थबथबलेलं, हातपाय गार, आणि बघता बघता तोंडाला फेस. माझ्या रेसिडेंटांनी विंचू फक्त टीव्हीवर पाहिलेला. त्यांना सांगितलं की महाडसारख्या ठिकाणी बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेक पेशंट रात्र रात्र पाहिला, रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचवावर चालते हे दाखवलं, आणि ते 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एकाने लगेच विचारलं, रँडमाइज्ड ट्रायल आहे का? दुसरीने तोवर फोनवर काढलीसुद्धा. बीएमजे (ब्रिटिश मेडिकल जर्नल), २०११, बावस्कर आणि बावस्कर. त्या दिवशी दुपारी मी जरा ताठ चालत होते. त्यांना पद्मश्री मिळाल्याचंही मी सांगून टाकलं. त्याची काही गरज नव्हती.

रेसिडेंटांच्या ड्यूटीच्या तासांबद्दल भारतातून नेहमी विचारणा होते, म्हणून थोडक्यात. इथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांची सरासरी धरून. एका दमात २४ तास, वर हँडओव्हरसाठी फार तर चार. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी हॉस्पिटलमध्ये दगावली, तिच्या पत्रकार बापाने रेसिडेंटांच्या अतिकामाचं प्रकरण लावून धरलं, त्यातून आधी त्या राज्यात आणि २००३ पासून देशभर ही मर्यादा आली. आपल्याकडे १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. ज्यांनी रेसिडेन्सी केलीय त्यांनी हसून घ्यावं आणि पुढे वाचावं.

पण मॅनिकिनबद्दल मला बोललंच पाहिजे. सगळ्या प्रश्नांवर इथलं उत्तर एकच: सिम्युलेशन. आमच्या सिम लॅबमधलं बाळ रडतं, त्याची छाती हलते, ओठांत निळा दिवा लागतो. त्याच्या घशात ट्यूब सरकावी म्हणून आधी सिलिकोनचा स्प्रे मारावा लागतो. जबडा ताठ, जीभ कोरडी. लाळ नाही, उलटी नाही, मान योग्य तेवढी वळली की नाही याची पर्वा नाही. काचेपलीकडे तंत्रज्ञ टॅब्लेटवर बोट फिरवेल तेव्हाच ऑक्सिजन उतरतो. खरं तान्हं बाळ कुणाच्या बोटासाठी थांबत नाही. त्याच्या फुप्फुसातला साठा इवलासा, आणि वजनाच्या मानाने ऑक्सिजन जाळतं मोठ्या माणसाच्या दुप्पट. लॅरिंगोस्कोपचं पातं आत गेल्यावर काही सेकंदांत ऑक्सिजन घसरतो आणि त्याबरोबर मॉनिटरचा सूर उतरायला लागतो. मागे वळून बघावं लागत नाही, कानालाच कळतं. खोलीतल्या सगळ्यांनाच कळतं. त्या उतरत्या सुरात हात स्थिर ठेवायचा, किंवा अहंकार गिळून पातं बाहेर काढायचं आणि बॅग-मास्कने श्वास द्यायचा, हा निर्णय म्हणजे खरं शिक्षण. मॅनिकिनवर तो सूर मी कितीदा तरी ऐकवलाय, घाम कुणालाच फुटत नाही. सायकल स्टँडवर लावून पायडल मारण्यातलं हे शिक्षण आहे. पाय बळकट होतात, तोल कसा जातो ते कळत नाही.

दरवर्षी विभागाच्या बैठकीत मी हे बोलते. मग सिमवाल्या मॅडम सौम्यपणे जॉन्स हॉपकिन्सचं काम काढतात. तिथल्या पद्धतीत चूक झाली रे झाली की थांबवायचं, दहा सेकंद मागे जायचं, तेच पुन्हा करायचं, आणि हात बरोबर पडेपर्यंत सोडायचं नाही. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब सुरू करायला आणि विजेचा शॉक द्यायला रेसिडेंटांना लागणारा वेळ त्याने खरोखर कमी झाला. ते मान्य. कोड ब्लूमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्याचा पुकारा झाला की, आमची पोरं इतक्या शिस्तीत उभी राहतात की मला माझ्या वॉर्डातला गलका आठवून कानकोंडं व्हायला होतं. पाच जण एकदम बोलतायत, अॅड्रेनालिन कुणी दिलं ते कुणालाच माहीत नाही, आणि वॉर्डबॉय मामा एकटेच न सांगता योग्य ट्रॉली घेऊन हजर. कॅमेरा लावलेल्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपलाही असलेला माझा विरोध हळूहळू मावळला. पडद्यावर मला रेसिडेंटला दिसतं तेच दिसतं, "किंचित वर, आता डावीकडे" असं सांगता येतं. माझ्या पात्यापुढे काय दिसतंय हे माझ्या सरांना कधीच दिसलं नाही. ते माझ्या कोपराकडे बघून अंदाज बांधायचे, आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

त्या रेसिडेंटसाठी मी एक केलं. भूलतज्ज्ञांच्या मागे लागून तिला सकाळच्या शस्त्रक्रियांच्या यादीवर पाठवते. निरोगी मूल, हर्नियाचं ऑपरेशन, रिकामं पोट, उजेड भरपूर. तिथेही आईबापांना विचारतात, आणि गंमत म्हणजे तिथे बरेच जण हो म्हणतात.

याच सगळ्यावर विचार चालू असताना माझ्या जुन्या कॉलेजातल्या लेक्चररचा फोन आला. माझा दोन वर्षं ज्युनियर. मला वाटलं, जानेवारीतल्या कॉन्फरन्सबद्दल असेल. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे जुनं झालेलं एखादं इन्फंट मॅनिकिन पडलंय का हो? आमच्या फर्स्ट इयरच्या पोरांना आधी त्याच्यावर पन्नास वेळा करायला लावणार आहे. त्याशिवाय वॉर्डात लॅरिंगोस्कोपला हात लावू द्यायचा नाही, असं ठरवलंय." मी त्याला सिलिकोनच्या स्प्रेबद्दल, ताठ जबड्याबद्दल सगळं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आहे का?"

आहे. लॅबने नवीन घेतल्यापासून जुनं स्टोअरमध्ये धूळ खातंय, आणि द्यायला सिमवाल्या मॅडमनी आनंदाने होकार दिलाय. मॅनिकिन बॅगेत घालून आणलं तर मुंबई विमानतळावर कस्टमवाले काय म्हणतात, कॉलेजचं पत्र पुरतं की आणखी कागद लागतात, याचा अनुभव कुणाला असेल तर लवकर कळवा. तिकिटं डिसेंबरअखेरची आहेत.