ब्लॉकची डमी काढताना

ऑक्टोबर छाटणीनंतर मखमलाबादच्या आमच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर एक दिवस जरी उभा राहिला तरी फवारणी चुकते, आणि डावणी रोग कुणासाठी थांबत नाही. इंजिनच्या ब्लॉकच्या बाजूने पाणी झिरपताना दिसलं तेव्हा वरून एम-सील फासण्यापेक्षा डमीच बदलायच्या, असं मी ठरवलं.

डमी म्हणजे ब्लॉकच्या भोकात ठोकून बसवलेली पत्र्याची वाटी. ब्लॉक ओतताना आत वाळूचे गाभे असतात. ती वाळू बाहेर काढायला ही भोकं लागतात. बर्फाळ देशांत याच भोकात ब्लॉक हीटर बसवतात. निफाडचा पारा कितीही उतरला तरी आपल्याला तो लागत नाही. आपल्या डमीला गंज खातो, तोही आतून. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं की हेच होतं.

खरी झुंज झाली ती पाणी सोडायच्या प्लगशी. त्याचे कोपरे आधीच गोल झालेले, पाना धरेचना. मी पाइप लावून जोर करणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "दादा, जोर नको, ताव द्या." डिझेलच्या नळ्या बाजूला घेतल्या, ओलं पोतं जवळ ठेवलं. त्यांनी प्लगवर एक नट वेल्ड केला आणि भोवतीचा ब्लॉक गॅसने हळूहळू तापवला. भोवतीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुगलं की आटे सैल होतात. मग मेणबत्ती टेकवली; मेण आट्यांत ओढलं गेलं. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. शेवटी करकरत तो फिरला तेव्हा मला फार आनंद झाला!

डमी त्या मानाने सरळ. खालच्या कडेवर पंच ठोकला की ती भोकातच आडवी होते, मग पकडीने ओढायची. आत पडू द्यायची नाही. स्टार्टर काढला तर त्यामागची डमी चाळणीसारखी निघाली. आतून लाल चिखल आला, तो पाण्याचा झोत मारून धुतला. भोकाच्या कडा एमरी पेपरने घासून, पातळ सीलंट लावून पितळी डमी सरळ ठोकल्या. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

क्लच हाउसिंगच्या बाजूची डमी मात्र तशीच ठेवली. ती कोरडी आहे, आणि तिच्यासाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. ते काम माल उतरल्यावर, खरड छाटणीच्या वेळी.