इचिरोचे 90 फूट

क्रिकेटच्या मधल्या स्टंपपासून इनर सर्कलपर्यंत 30 यार्ड, म्हणजे 27.43 मीटर. बेसबॉलमध्ये बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे पळताना गाठायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, नेमकं तेवढंच, 90 फूट. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना बेसबॉल शिकवायचा असेल, तर सुरुवात या 90 फुटांपासून आणि जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीपासून करावी, होम रनपासून (मैदानाबाहेर टोलवलेल्या फटक्यापासून) नव्हे.

2004 च्या मोसमात अमेरिकेतल्या सिएटल मरिनर्स संघाकडून त्याने 262 हिट (बॅटरला सुखरूप बेसवर पोचवणारे फटके) मारले आणि जॉर्ज सिस्लरचा 1920 पासूनचा 257 चा विक्रम मोडला. त्यातले 225 सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचेच, होम रन फक्त 8! जपानमध्ये 1,278 हिट मारून तो 27 व्या वर्षी अमेरिकेत गेला, तिथे आणखी 3,089 मारले. 2001 ते 2010 असे सलग दहा मोसम 200 च्या वर. 2025 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी (दिग्गजांच्या सन्मानयादीसाठी) निवडला गेला तेव्हा एकमताला एकच मत कमी पडलं.

तो फेकायचा उजव्या हाताने, पण फलंदाजी डावखुरी. डावखुरा उभा राहतो तो पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे एक-दोन पावलं तिथेच वाचतात. त्यात इचिरो पुढचा पाय लंबकासारखा झुलवून अंग पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) न्यायचा आणि हात मात्र मागेच राखायचा. नक्कल करणारी पोरं इथेच फसतात. अंगाबरोबर हातही पुढे गेले की चेंडूला बॅट नुसती लागते, जोर उरत नाही. पळायच्या घाईत पाय बॉक्सबाहेर (बॅटरसाठी आखलेल्या चौकटीबाहेर) पडतो, तेही महागात जातं: बॅट चेंडूला लागताना अख्खं पाऊल रेषेबाहेर टेकलेलं असेल तर बॅटर बाद.

मग पळणं. क्रिकेट अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे बॅट हातातच राहते. ती बाजूला सोडायची, भिरकवायची नाही. क्रीजमध्ये बॅट टेकवायच्या सवयीने पोरं बेसच्या दोन पावलं आधी वाकतात आणि वेग मरतो. पहिला बेस पळत ओलांडलेला चालतो, म्हणून त्याच्यापुढे चार-पाच मीटरवर शंकू ठेवून तिथपर्यंत पळवा. पाय बेसच्या अलीकडच्या कडेवर पडू दे. ओलांडल्यावर दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला, तर मात्र चेंडू लावून बाद करता येतं.

बॅट ओलावा पिऊन जड होऊ नये म्हणून इचिरो ती खास पेटीत ठेवायचा. ठाण्यातल्या जुलैत लाकडी बॅट भिंतीला टेकवून ठेवली तर ती दमट होणारच. कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद पिशवीत ठेवा. उन्हात वाळत घालू नका, एकदम सुकलेलं लाकूड चिरतं.