रिसेप्शनची गोड वाईन आणि दुपारी तीनला उघडलेली खोकी

केटरिंगमध्ये मला चौदा वर्षं झाली. तांबडा-पांढरा, खर्डा, हजार माणसांची बासुंदी म्हणजे डाव्या हाताचा मळ, पण जेवणानंतर गोडाबरोबर द्यायची वाईन शोधा अशी ऑर्डर गेल्या डिसेंबरपर्यंत कोल्हापुरात मला कुणी दिली नव्हती. नवरी पुण्याला नोकरीला, ती म्हणाली, "दादा, दारूचं काउंटर नकोच, घरात आबा आहेत, पण आमच्या ऑफिसच्या लोकांसाठी शेवटी थोडी गोड वाईन ठेवूया की." तिचे वडील लगेच म्हणाले, "सत्तर माणसांच्या वर धरू नका आणि खर्च बेतात बसवा."

आधी स्वस्त काय म्हणून सगळ्यांनी गोव्याचं पोर्ट सुचवलं. नवरीचा मामेभाऊ तर गाडी काढून आंबोलीमार्गे निघायलाच बसलेला, मी सरळ नाही म्हणालो. गोव्यात विकायची बाटली परमिटशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि दुसऱ्याच्या लग्नात पोलीस केस नको. शिवाय आपण ज्याला पोर्ट म्हणतो ती नुसती गोड लाल वाईन असते, पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये वाईन आंबत असतानाच ब्रँडी घालतात, त्यामुळे साखर तशीच राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. मग इटलीची मोस्कातो बघितली, पाच-साडेपाच टक्के अल्कोहोलची, हलकी, बुडबुड्यांची, चवीला फार छान, पण आयात कर धरून तिचा रेट ऐकल्यावर वडील गप्पच झाले. शेवटी नाशिकच्या सुला कंपनीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक ठरवली, म्हणजे शेनिन ब्लांक जातीची द्राक्षं उशिरा तोडून केलेली गोड वाईन. ३७५ मिलीची छोटी बाटली येते, बाहेरच्या मानाने परवडते आणि गोड वाईन कुणी ग्लास भरून पीत नाही, ६० मिली पुरते, म्हणजे एका बाटलीत सहा जण. बारा बाटल्या.

टेस्टिंग त्यांच्याच घरी केलं, रुईकर कॉलनीत, डायनिंग टेबलवर. मी सहा गोडं घेऊन गेलेलो. पहिला घास गुलाबजामचा आणि त्यावर वाईनचा घोट, तर वाईन चक्क लिंबूपाण्यासारखी आंबट लागायला लागली, बासुंदीनं तेच केलं, काजूकतलीनं तेच. सगळ्यांची तोंडं उतरली, वाईन खराब आहे म्हणाले. वाईन चांगली होती, गोड पदार्थ तिच्यापेक्षा गोड होता, मग तिच्यातली साखर जिभेला कळतच नाही आणि आंबटपणा तेवढा पुढे येतो. वाईन पदार्थापेक्षा गोड पाहिजे हा नियम मी वाचलेला होता, पण आपल्या गोडावर टिकेल एवढी गोड वाईन परवडणाऱ्या भावात मिळत नाही हे त्या टेबलवर कळलं. मग मी उलटा विचार केला, वाईन तीच ठेवू, गोड बदलू. आमच्याकडे श्रीखंडात किलोभर चक्क्याला किलोभर साखर पडते, ती निम्मी केली, वेलची काढली, वर केशराची एक काडी आणि बाजूला खारे काजू. चक्क्याचा आंबटपणा आणि वाईनचा आंबटपणा एकमेकांत असा मिसळला की मागे नुसता मधाचा, जर्दाळूचा स्वाद राहिला. नवरीनं डोळेच मिटले.

आबा लांब खुर्चीवर बसून सगळं बघत होते. आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत, तासगावला द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. वडिलांनी भीत भीत ग्लास नुसता वासाला दिला तर म्हणाले, "अरं, हा तर बेदाण्याच्या शेडचा वास." मी सांगितलं की आबा, ही द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून तोडतात. तर तेच मला समजावायला लागले, मग पाणी उडणार, साखर आत राहणार, रस कमी निघणार, "म्हणून तुझी बाटली बारकी आन् दर मोठा, एवढं सोपं हाय की." ऑक्टोबर छाटणीपासून ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, मोजण्यापर्यंत अर्धा तास बोलत होते, आणि त्या घरात वाईनबद्दलची कुजबूज त्या दिवसापासून थांबली.

रिसेप्शनच्या दिवशी उत्पादन शुल्कचा एक दिवसाचा परवाना हातात, बर्फ आलेला, दुपारी तीनला खोकी उघडली तर आत साधी शेनिन ब्लांक. ७५० मिलीच्या सहा बाटल्या, द्राक्ष तेच, लेट हार्वेस्ट नाही. दुकानदाराला वाटलं छोट्या बारा म्हणजे मोठ्या सहा, सारखंच. माझ्या पोटात गोळाच आला, ती वाईन किंचित गोडसर असते, श्रीखंडापुढे टिकलीच नसती. दोन पोरं बाईकवर पाठवली, एक शाहूपुरी-स्टेशन रोड, दुसरा ताराबाई पार्क ते कावळा नाका, मी फोनवर, बाटलीचा फोटो पाठवून प्रत्येक दुकानात "लेट हार्वेस्ट लिहिलंय का वाचा" म्हणत होतो. कुठे दोन, कुठे एक, एका ठिकाणी शेल्फच्या मागे चार. साडेपाचला नऊ झाल्या, पुढे मिळेचनात.

नऊ बाटल्या म्हणजे ३३७५ मिली, ६० नं भागलं की छप्पन्न माणसं, सत्तरला पुरत नाहीत. ४५ केलं की पंच्याहत्तर. काउंटरच्या पोराकडे ३० मिलीचं माप होतं, त्याला पाण्यावर दीड माप दहा वेळा ओतून दाखवायला लावलं, हात बसेपर्यंत सोडला नाही. ग्लासही बदलले, मोठ्या ग्लासात ४५ मिली तळाला चिकटल्यासारखी दिसते म्हणून बारक्या तुळतुळीत ग्लासात घेतली, बाटल्या बर्फात दोन तास आधी. आणि वाईनला वयाची अट एकवीस, ते मी पोराला दोनदा बजावून ठेवलं, लग्नात कॉलेजची पोरं असतातच.

नऊ वाजता श्रीखंडाच्या वाट्या आणि ग्लास एकाच ट्रेमध्ये फिरायला लागले. मी लॉनच्या कडेला उभा राहून नुसते चेहरे बघत होतो. पुण्याची एक मुलगी दुसरीला सांगत होती, आधी काजू खा, मग श्रीखंड, मग घोट. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

साडेदहाला आबा काउंटरपाशी आले, श्रीखंडाची वाटी हातात, "पुरली का रं तुझी बेदाण्याची?"

शेवटच्या बाटलीत दोन बोटं उरली होती, ती उचलून त्यांना दाखवली.