टोकाजवळची दोन मिलिमीटर

अमेरिकेत मेरीलँडला ताईकडे गेले तेव्हा एकच हट्ट धरला होता, शार्कचे जीवाश्म दात शोधायला कॅल्व्हर्ट क्लिफ्सला जायचंच. चेसापीक उपसागराच्या काठचे हे कडे म्हणजे मायोसीन काळातल्या समुद्राचा तळ. लाटा आणि पाऊस त्यांना सतत पोखरत असतात आणि १ ते २ कोटी वर्षं आत दडलेलं वाळूत येऊन पडतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र जन्मभर पडतात आणि नवे येतात, हजारोंनी. त्यामुळे सापडतात ते दातच.

स्टेट पार्कात गाडी लावून झाडीतून जवळजवळ ३ किलोमीटर चाललो. कड्यांखाली जायला सक्त मनाई आहे, दरड कधी कोसळेल याचा नेम नाही. मोकळ्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला चाळण घेऊन बसलो. दोन तास नुसते शिंपल्यांचे तुकडे. मग भाची ओरडली, "मावशी, हा बघ!"

करडा, अंगठ्याच्या पेराएवढा, एका बाजूला कललेला. मागच्या कडेला भात कापायच्या विळ्यासारखे ठसठशीत दाते. मी बघताक्षणी सांगून टाकलं, "टायगर शार्क!"

रात्री ताईच्या ओट्यावरच्या दिव्याखाली भिंग धरलं तेव्हा शंका आली. टायगर शार्कच्या दाताला मागच्या बाजूला खोल खाच असते आणि खाचेच्या वरची कड बारीक दात्यांची, पार टोकापर्यंत. इथे खाच नव्हतीच. दाते मुळापासून वर मोठे होत गेले होते आणि टोकाच्या अलीकडे एकदम थांबले होते. शेवटची दोन मिलिमीटर साफ गुळगुळीत. बोट फिरवलं तरी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये मांडलेल्या दातांशी ताडून पाहिलं. हेमिप्रिस्टिस सेरा या नामशेष शार्कचा, वरच्या जबड्यातला. लॅटिनमध्ये सेरा म्हणजे करवत, नाव अगदी चपखल. याच माशाचे खालचे पुढचे दात मात्र अरुंद, सुळ्यासारखे. खालच्यांनी भक्ष्य धरायचं, वरच्यांनी कापायचं. दोन्ही वेगवेगळे सापडले तर एकाच तोंडातले आहेत हे पटणार नाही. मेगालोडॉन या अवाढव्य प्राचीन शार्कचा दात सगळ्यांनाच हवा असतो, पण मला हा दात त्याहून मोलाचा वाटला.

ओडिशात बारीपदाजवळही या जातीचे दात सापडले आहेत. सेरा लोपला, पण त्याचा भाऊबंद हेमिप्रिस्टिस इलाँगाटा अजून हिंदी महासागरात पोहतो आहे. मालवणच्या बाजारात मी इतक्यांदा मोरी, म्हणजे लहान शार्क, घेतली, पण तिचं तोंड उघडून कधी पाहिलं नव्हतं. भाचीने दात कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला. "आजीला दाखव, आणि टोक बघायला सांग."