आधी दगड उलटा, मग रॉड उघडा: तीर्थन नदीवर ट्राऊटच्या मागे

नागपूरहून हिमाचल प्रदेशातल्या तीर्थनला जायचं तर रेल्वेनं दिल्ली, तिथून रात्रीची मनालीची बस आणि सकाळी औटच्या बोगद्यापाशी उतरायचं. मनालीला जाणारी मंडळी झोपेतच पुढे निघून जातात. एप्रिलचा पहिला आठवडा होता. घरी कूलरच्या ताट्या बदलून झाल्या होत्या, इथे स्वेटर घालून चहा प्यायलो. सोबत माझा मामेभाऊ होता. तो भंडाऱ्याचा, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठावर लहानाचा मोठा झालेला. मरळ कुठे दबा धरून बसली असेल हे काठावरून सांगणारा माणूस. गार पाण्यातल्या ट्राऊट माशाचं वेड माझं, पण पाण्यावरची नजर त्याची, म्हणून त्याला आग्रहानं नेलं.

औटहून बंजारच्या रस्त्याला लागलं की लारजी येतं. तीर्थन आणि सैंज या दोन्ही नद्या इथे बियासला मिळतात आणि इथेच १२६ मेगावॅटच्या वीजप्रकल्पाचं धरण आहे. वरून पाहिलं तर हिरवंगार, स्तब्ध पाणी. भावानं गाडीच्या खिडकीतूनच पाहिलं आणि म्हणाला, "दादा, हे तं आपल्या नवेगाव खैरीसारखंच दिसून राहिलं." नागपूरच्या नळाला येणारं पेंचचं पाणी तिथूनच येतं, त्यामुळे ती तुलना मनात बसली. पण काही किलोमीटर वर गेलो आणि शेजारी जी नदी धावायला लागली ती वेगळीच होती. पांढरी, उड्या मारणारी, दगडादगडावर फुटणारी. गाडीच्या काचा बंद असूनही तिचा आवाज आत येत होता.

गुशैणीला मुक्काम होता. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास, तीर्थन आणि फ्लाचन यांच्या संगमावरचं छोटं गाव. इथून वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क सुरू होतं, ज्याला २०१४ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. रात्री गरम सिड्डू, म्हणजे इथला वाफवलेला पाव, आणि त्यावर सढळ हातानं सोडलेलं तूप. जेवणाबद्दल एवढंच, कारण सांगायचं आहे ते पाण्याचं.

सकाळी आमचे वाटाडे काका आले. साठीच्या पुढचे, याच खोऱ्यातले. रॉडची पिशवी त्यांनी उघडलीच नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, नदीत उतरले, तळाचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा करून आमच्यापुढे धरला. "आधी हे बघा. मासा काय खातो ते कळल्याशिवाय त्याला काय देणार?"

दगडाच्या ओल्या पोटावर आधी काहीच दिसलं नाही. मग हालचाल दिसली. चपट्या अंगाचे, शेपटीला तीन बारीक तंतू असलेले जीव दगडाला चिकटून सरकत होते. या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या. दोनच तंतूंची, जरा जाड अंगाची एक दिसली ती स्टोनफ्लायची. आणि एका कोपऱ्यात वाळूच्या कणांची इंचभरही लांब नसलेली एक नळी. काकांनी ती बोटावर घेतली. थोड्या वेळानं नळीच्या तोंडातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर आले. ती कॅडिसची अळी. तोंडातून निघणाऱ्या रेशमानं ती वाळूचे कण एकमेकांना जोडते आणि त्या घरासकट तळावर फिरते. एक कण पिवळसर, एक काळा, एक अभ्रकाचा चमकणारा, आणि सांधा असा की नखानं उचकटत नाही. मी कितीतरी वेळ तेच पाहत उभा होतो. काकांनी दगड पुन्हा होता तसाच, त्याच बाजूनं खाली ठेवला. हे त्यांनी न सांगता केलं आणि मला फार आवडलं.

या अळ्यांना गार, वाहतं, ऑक्सिजननं भरलेलं पाणी आणि स्वच्छ गोटे लागतात. ट्राऊटलाही तेच लागतं. पाणी विशीच्या वर तापलं की ब्राऊन ट्राऊटला त्रास सुरू होतो. मादी थंडीच्या दिवसांत शेपटीनं बारीक खडीत खळगा करून अंडी घालते, आणि त्या खडीतून पाणी खेळतं राहिलं तरच अंडी जगतात. गाळ बसला की गुदमरतात. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राऊटच्या मासेमारीला बंदी असते ती याचसाठी.

मग रॉड निघाला. साधारण नऊ फुटी, हलका, टोकाला वेलीसारखा लवणारा. आपल्या गरीत शिसं बांधलेलं असतं. ते वजन फेकलं की दोरी त्याच्या मागे जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. आकड्यावर पिसं-धागे गुंडाळून केलेल्या फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं जाड, रंगीत दोरीला. दोरी फेकायची आणि तिच्या टोकाशी फ्लाय जाते. म्हणून दोरी आधी पाठीमागे हवेत जाऊ द्यायची, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच हात पुढे आणायचा. घाई केली की चाबकासारखा फटकारा ऐकू येतो आणि फ्लाय तुटून जाते. मागे झाडं असली तर दोरी पाठीमागे नेताच येत नाही, तेव्हा पाण्यावरूनच तिला गोल वळण देऊन पुढे लोटायची. त्याला रोल कास्ट म्हणतात, आणि तीर्थनच्या काठावर तोच जास्त उपयोगी पडतो. दोरीच्या पुढे निमुळता होत जाणारा नायलॉनचा धागा असतो. शेवटचा तुकडा जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड.

काकांनी बांधलेली फ्लाय भावानं हातात घेतली आणि त्याचा चेहरा उजळला. "दादा, हे तं मोरपीस हाय!" खरंच, आकड्याभोवती मोरपिसाचे बारीक तंतू गुंडाळले होते आणि डोक्याशी पितळी मणी होता. आमच्याकडे मोरपिसाच्या काडीचा तरंडा करतात. इथे त्याच पिसाची अळी केली होती. ट्राऊटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं, म्हणून तळाजवळून वाहणारी ही अळीसारखी फ्लाय. तिला निम्फ म्हणतात.

मासे शोधायला भावाला कोणी शिकवावं लागलं नाही. ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून राहते. भर धारेत उभं राहिलं तर दमते, म्हणून मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबते आणि शेजारच्या धारेतून जे वाहत येईल ते टिपते. तो म्हणाला, "त्या गोट्याच्या मांगं पाय. फेस जिथं फिरून राहिला, तिथं असन." काका हसले आणि मान डोलावली.

खरी कसोटी फ्लाय पाण्यात पडल्यावर. मधल्या जोरकस धारेनं दोरी ओढली की फ्लायही ओढली जाते, आणि खरी अळी अशी कधीच पळत नाही. मासा ओळखतो. म्हणून दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकत राहायचं आणि तिच्या वाहण्याकडे डोळे लावायचे. तलावावर तरंडा बुडायची वाट पाहतात. इथे दोरी किंचित, अगदी पापणी लवण्याइतकी थांबते.

"थांबली!" भाऊ माझ्या मागून ओरडला. मी मनगट उचललं आणि रॉड जिवंत झाला.

मासा वीतभर होता. काकांनी जाळी पाण्यातच धरली, मला आधी हात ओले करायला लावले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि मग त्याला बुरशी धरते. सोनेरी-तपकिरी अंग, पाठीवर काळे ठिपके, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. आकड्याला उलटा काटा नव्हता, त्यामुळे सहज सुटला. मासा हातात प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर राहिला आणि एका फटक्यात दगडाखाली गेला.

हा मासा मूळचा इथला नाही. १८९९ मध्ये काश्मीरसाठी इंग्लंडहून पाठवलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली जगली. पुढे १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं कुल्लू खोऱ्यात कटराईंजवळ त्यांची पैदास सुरू केली. आज मासेखाऊंच्या ताटात येते ती बहुतेक मत्स्यशेतीच्या हौदांत वाढवलेली रेनबो ट्राऊट; नदीत वाढणारी मात्र ब्राऊन.

दुपारी बर्फ वितळल्याचं पाणी आलं, नदी गढूळ आणि फुगलेली झाली, तेव्हा आम्ही काठावर बसलो. काकांनी सांगितलं की या नदीवरही जलविद्युत प्रकल्प यायचे होते. बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले, लढा न्यायालयापर्यंत गेला, आणि ते प्रकल्प झाले नाहीत. शेजारच्या सैंज खोऱ्यात झाले. मी धरणाचंच पाणी पिऊन वाढलेला माणूस आहे. तोतलाडोह आणि नवेगाव खैरीशिवाय नागपूरचा उन्हाळा निघत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही प्रत्येक नदी अडवलीच पाहिजे असं नाही, हे त्या दगडाच्या पोटाकडे पाहताना मला मनापासून पटलं. पाणी साचलं, तळाला गाळ बसला की वाळूचं घर बांधणारी ती अळी आधी जाते, तिच्यावर जगणारा मासा नंतर. काही नद्या वाहत्या ठेवायचं लोकांनी ठरवावं लागतं, आणि इथल्या लोकांनी ते ठरवलं.

जायचं असेल त्यांच्यासाठी: मार्च ते जून किंवा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. किती आणि केवढे मासे ठेवता येतात याचे नियम त्यावर असतात. मापात बसणारा मासाही सोडून दिला तर उत्तमच. रॉड स्थानिक वाटाड्यांकडे मिळतो, तो नागपूरहून न्यायची गरज नाही. घसरणार नाहीत असे बूट मात्र न्या, गोटे फार निसरडे आहेत. आणि सकाळी लवकर पाण्यावर पोचा, कारण बर्फाचं पाणी खाली यायच्या आधीचे तासच निवळ असतात. आम्ही पुन्हा ऑक्टोबरमध्ये जाणार आहोत. काकांनी भावाला फ्लाय बांधायला शिकवायचं कबूल केलं आहे.